परभणीच्या पेपरातला समुद्र

बातमीसाठी जिल्हाभर एसटीचे धक्के खावे लागतात. किस्से मात्र आपल्या पायांनी ऑफिसात येतात, वर चहाही मागतात! आमच्या परभणी आवृत्तीला सर्वांत जास्त किस्से पुरवले ते समुद्राने. हो, समुद्राने!

नव्वदच्या आसपासची गोष्ट. उपग्रह समुद्राच्या पाण्याचं तापमान टिपतो, गार आणि कोमट पाणी जिथे भेटतं तिथे मासे जमतात, आणि कोळ्यांना ती जागा नकाशावर आधीच कळते. उत्तम! पण मुंबईच्या हेड ऑफिसने फर्मान काढलं, हा नकाशा सगळ्या आवृत्त्यांत, रोज, पान एकवर!

मी संपादकांच्या केबिनमध्ये घुसलो. "साहेब, झरीच्या पुढे एका गावात प्यायला पाणी नाही. माझी बातमी तीनदा कापलीत, आणि अरबी समुद्र छापताय?"

"बातमीला हद्द नसते," साहेब म्हणाले.

"मग माझ्याच बातमीला का?"

"जागा नाही!"

*

नकाशा पार्सलने यायचा, दोन दिवस शिळा. मी भडकलो, "मासे काय आपल्या पेपरची वाट बघत थांबलेत?"

उपसंपादक मान वर न करता म्हणाला, "इथून निघणाऱ्याला तसाही उशीरच होणार!"

*

नकाशाखाली मोठ्या टायपात तापमान असायचं, अठ्ठावीस अंश. भर मे महिन्यात स्टेशन रोडचे कूलरवाले शेठ पेपर नाचवत आले.

"गिऱ्हाईक हे दाखवायलंय! म्हणतंय, अठ्ठावीसला कूलर कशाला? भाव पाडायलेत माझा! बंद करा हा समुद्र!"

*

किराणा दुकानदार आप्पा गळ्यात लिंग बांधणारे, कट्टर शाकाहारी. "सकाळी पूजा करून पेपर उघडावा तर मासे! पेपर बंद करा आमचा."

जुना वर्गणीदार तुटू नये म्हणून साहेबांनी 'मासे' शब्दच काढून टाकला. दुसऱ्या दिवशी छापलं, 'रत्नागिरीच्या वायव्येला ते मोठ्या संख्येने मिळण्याची शक्यता.'

आप्पा खूश. आठवड्याने मला रस्त्यात गाठून हळूच विचारलं, "काय हो, काल मिळाले का ते?"

*

एकदा पान चिकटवणाऱ्या पेस्टिंगवाल्याने नकाशाची फिल्म उलटी लावली. अख्खा समुद्र किनाऱ्याच्या अलीकडे, मराठवाड्याच्या अंगाला आला! छापून गावोगाव गेला, एकाही वाचकाची तक्रार नाही. दुपारी चारठाण्याच्या वार्ताहराचा ट्रंककॉल आला.

"सायेब, समुद्र लय जवळ आलाय. फोटोसकट बातमी पाठवू का?"

*

आणि एक दिवस पार्सलच आलं नाही. पान एकवर भलंमोठं भोक! साहेबांनी नाइलाजाने माझी तीच, तीनदा कापलेली बातमी घेतली. गावाचं नाव, कोरडी विहीर, बायकांची पायपीट, सगळं चार कॉलम! दुपारपर्यंत गावात टँकर पोचला. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. मी ऑफिसभर कॉलर ताठ करून फिरत होतो.

दुसऱ्या दिवशी त्याच गावचे सरपंच माणसांनी भरलेला टेम्पो घेऊन दारात! मी साहेबांना मुद्दाम केबिनबाहेर बोलावलं. म्हटलं, ऐका आता, पेपर कशासाठी असतो ते!

सरपंचांनी हात जोडले. "टँकर आला, लय उपकार झाले."

"अहो, उपकार कसले? आमचं कामच आहे ते."

"ते हायच," सरपंच म्हणाले. मागच्या माणसांनी त्यांना कोपराने ढोसलं, तसे ते पुढे झाले. "पन आमी त्यासाठी न्हाई आलो. रोज पारावर समदं गाव जमतंय, गुरुजी मोठ्यानं वाचायलेत, आन् काल पेपर उघडला तर आमचीच विहीर! ती तर आमी रोज बघायलोत. समुद्र का काढला, ते सांगा!"