अंगणात तापवलेलं पाणी

आमच्या यांच्या मानेत नळी बसवली, त्या दिवसापासून मी घरची चौकीदार झाले. दोन्ही किडन्या थकलेल्या, आठवड्यातून दोनदा परभणीला डायलिसिस. त्यासाठी डाव्या हातात शिरा जोडून फिस्टुला केला होता, पण तो मुरायला दीड-दोन महिने लागतात म्हणे, लोणच्यासारखा. तोवर रक्ताचं जाणं-येणं मानेतल्या नळीतून.

डायलिसिसवाल्या सिस्टरनं मला बाजूला घेतलं. "आजी, ही नळी म्हणजे काळजाकडं जाणारी सरळ सडक आहे. जंतू शिरला तर त्याला मधे कुठं स्टॉप नाही. नळीला पाणी लागू देऊ नका, आमच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. थंडी वाजून ताप आला तर उद्या बघू म्हणू नका, तशाच निघा. आणि गर्दी अजिबात नको."

एकदा तसा ताप येऊन गेलाच होता. चार गोधड्या घातल्या तरी यांच्यासकट खाट हलायची. पुन्हा आला तर हे माणूस हाती लागायचं न्हाई, एवढं मला कळलं होतं.

पण गर्दी नको हे सांगणं सोपं. आमच्या गंगाखेडच्या बाजूला आजारी माणसाला बघायला न गेलेल्याचं नाव दहा वर्षं निघतं. आणि बघायचं ते लांबून न्हाई. खाटेवर टेकायचं, कपाळाला हात लावायचा, तोंडाशी तोंड नेऊन विचारायचं, "वळखलं का मला?" अहो, बिघडल्या त्या किडन्या, डोळे न्हाईत! एकजण शहाळं घेऊन आला आणि यांच्या अंगावर शिंकला. शहाळं यांना चालत न्हाई, ते मी प्याले. शिंक कुणी वाटून घेईना. एक म्हातारी तर अंगारा घेऊन थेट नळीलाच लावायला निघाली. मी तिचा हात वरच्यावर धरला आणि अंगारा माझ्या कपाळाला लावून घेतला. म्हटलं, "मी यांची अर्धांगी, अर्धा यांना पोचतोय."

मग मी बंदोबस्त केला. दारात पाण्याची बादली, साबण, तांब्या. बादलीत कडुलिंबाचा टहाळा टाकला, तो माझ्या डोक्यानं. सिस्टरनं सांगितला नव्हता. ज्याला बघायचं त्यानं हात धुऊन खिडकीतून बघावं.

एका सकाळी गॅस संपला. यांच्या चादरी, अभ्रे मी उकळून धुवायची. म्हणून अंगणात तीन दगड मांडले, मोठं पातेलं चढवलं. यांना दुसऱ्या खोलीत निजवलं आणि खाट उन्हाला बाहेर काढली. लाकडं ओली. तोंडाला पदर बांधला तरी धुरानं डोळ्यांतून धारा लागल्या.

तेवढ्यात शेजारीण शेळ्या घेऊन वाटेनं निघाली होती. तिनं कुंपणावरून बघितलं. अंगणात तीन दगडांवर पाणी तापायलंय, खाट बाहेर, दारात बादली, बादलीत लिंबाचा पाला, आणि मी पदर लावून रडायले. आता आमच्याकडं अंगणात असं पाणी कवा तापवतात, हे काय सांगायचं? आणि तो पाला मयतीहून आलेल्यांनी हातपाय धुवायसाठीच असतो. हे सगळं मला ठाऊक होतं बरं का. पण त्या वेळी डोक्यात नुसते जंतू.

"मावशी ऽऽ!" तिनं हंबरडाच फोडला. मला वाटलं हिच्याच घरी काही झालं. मी पळत जाऊन तिला मिठीत घेतलं. "कसं काय झालं गं बाई?"

"तुमीच सांगा की!" ती म्हणाली, आणि आम्ही दोघी रडलो. मी का रडले ते मला आजवर सांगता येत न्हाई.

घटकाभरात गल्ली अंगणात. पुरुष माणसं गमजे टाकून बसली. एकानं सुरू केलं, "लय सालस मानूस. कुनाला कदी वाकडा शबुद न्हाई."

मी मनात म्हटलं, हा कुणाबद्दल बोलायलाय? मग एकदम उजेड पडला.

"आवो, ते जित्ते हायेत! आत झोपलेत!"

"धरा गं तिला," एक म्हातारी म्हणाली. "धक्का बसलाय. असंच व्हतं."

दोघींनी मला दोन्हीकडून गच्च धरलं. आणि बाकीचे उठले, शेवटचं तोंड बघायला. चाळीसेक माणसं दाराकडं निघाली. निम्मी रडून नाकं पुसत होती, एकाला खोकला होता. मी ओरडायले, हिसके द्यायले. जेवढी ओरडायची तेवढं त्या मला घट्ट धरायच्या.

तेवढ्यात खिडकी उघडली. तोंडाला मास्क, केस उभे.

"आरं, कोन मेलंय? झोपू दिनात का मला?"

सालस म्हणणारा सगळ्यात आधी पळाला, चप्पल टाकून.

"मी हाय अजून," हे म्हणाले. "पर तुमी आत आलात तर न्हाई राहनार. व्हा मागं! आन् आलातच, तर हात धुवून घरी जावा."

आणि काय सांगू, सगळे रांगेनं बादलीपाशी गेले. हात-पाय धुतले, तोंडावर पाणी मारलं. महिनाभर मी घसा फोडत होते तर कुणी साबणाला शिवत नव्हतं.

दुपारी सोनपेठहून यष्टीनं नणंद आली, फाट्यापासून रडत. ती आत घुसणार तोच खिडकीतून आवाज आला, "लांबून रड. सर्दी हाय का तुला?"

"रडून झालीय दादा."

"खरं सांग."

"...तीन दिस झाले."

तिला लिंबाखाली ताट वाढलं. तिथंच जेवली, तिथूनच भांडली.

त्या दिवशी मी तासातासाला थर्मामीटर लावला, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही लावला. ताप आला न्हाई. तीन आठवड्यांनी फिस्टुला मुरला. पुढं दोन-चार डायलिसिस हातातून नीट झाले, तेव्हा नळी काढली. सिस्टर म्हणाली, "आजोबा, फार स्वच्छ ठेवलीत. कसं जमवलं?"

"काय न्हाई," हे म्हणाले. "एक डाव मेलो."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "गॅस संपला होता."

बादली अजून दारात आहे. टहाळा तेवढा काढलाय.