दोघांत एक

बोरगाव मेघेतल्या आमच्या कॉलनीत कोणी नवी वस्तू घेतली, की तिच्या खोक्यातलं पुस्तक आधी कृष्णकांतच्या ओसरीवर जायचं. कूलरचा पंप असो, इन्व्हर्टर असो, मिक्सर असो. पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेला हा माणूस ते इंग्रजी पुस्तक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा आणि मग निकाल द्यायचा, "हे बटन दाबजो नको, बाकी सारं बरोबर आहे." घेण्याआधीही लोक त्यालाच विचारत. माझा फ्रीज त्यानं निवडलेला, पंधरा वर्षं कुरकुरला नाही. वस्तू बिघडलीच तर कंपनीला तक्रारीचं पत्रही तोच लिहायचा. आपलंच खरं करायची त्याला भारी हौस होती, पण त्याचं खरं निघायचं, म्हणून आम्ही ती चालवून घेत होतो.

घरात त्याचा एकच नियम होता. निशांत आणि लीना या दोन मुलांत प्रत्येक वस्तू एक. सायकल एक, कंपास एक, टेबल एक. पैशाची अडचण नव्हती. सुमित्रावहिनी शाळेत शिक्षिका होत्या. पण कृष्णकांत आणि त्याच्या भावानं वाटण्या केल्या तेव्हा दारातला निंबही तोडून अर्धा-अर्धा केला होता, आणि त्यानंतर दोघं भाऊ कधी बोलले नाहीत. "दोन वस्तू आल्या का दोन घरं होतेत, प्रभाकरराव," असं तो मला म्हणायचा. मलाही ते पटायचं. मुलं भांडत, पण एकमेकांवाचून त्यांचा घास उतरत नसे.

पोहायलाही दोघं सोबतच शिकली, सिंदीला मामाच्या विहिरीत. पुढे निशांत पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला, लीना नागपूरला बँकेत. दोघांनी गोव्यात जाऊन पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राखाली उतरायचं शिक्षण घेतलं आणि २००७ च्या जानेवारीत अंदमानला जायचं ठरवलं. त्यासाठी एक यंत्र घ्यायचं होतं. डाइव्ह कॉम्प्युटर म्हणतात त्याला. निवड अर्थातच बापाकडे आली.

कृष्णकांतनं महिनाभर वर्ध्याच्या सायबर कॅफेत बसून तीन यंत्रांची पुस्तकं छापून आणली आणि मला ओसरीवर बसवून समजावलं. पाण्याखाली टाकीतली हवा घेतली की तिच्यातला नायट्रोजन अंगात मुरत जातो. जास्त मुरला आणि माणूस वर आला, तर त्या नायट्रोजनचे रक्तात बुडबुडे होतात, सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यावर होतात तसे. किती मुरला आणि अजून किती मिनिटं खाली राहता येईल, याचा हिशेब हे यंत्र ठेवतं. सकाळचं मुरलेलं दुपारच्या डुबकीत धरतं.

पहिलं यंत्र टाकीच्या नळीला लटकवायचं होतं. ते त्यानं बाजूला सारलं, कारण नळीवरचं यंत्र एकाचं काढून दुसऱ्याला देणं कटकटीचं. दुसऱ्या यंत्राची बॅटरी बदलायला ते कंपनीकडेच पाठवावं लागे. तिसरं मनगटावरचं, मोठ्या आकड्यांचं. पट्टा लांब, निशांतच्या मनगटाला बसेल आणि लीनाच्याही. ते ठरलं.

मग त्यानं त्याच पुस्तकाचं चौथं पान उघडलं. तिथे चौकटीत लिहिलं होतं, की हे यंत्र एकाच माणसानं वापरावं, एका सहलीत दुसऱ्याला कधीही देऊ नये. त्यानं मला ते मराठी करून ऐकवलं आणि म्हणाला, "पाहा, दोन खपवाचा धंदा आहे कंपनीवाल्यायचा."

मी हसलो. "कूलरवालेही प्रत्येक खोलीले एक सांगतेत," मी म्हणालो. त्यावर तोही हसला आणि आम्ही चहा घेतला.

अंदमानात तिसऱ्या दिवशी ते घडलं. सकाळी यंत्र लीनाच्या पाळीचं होतं. ती नवशिक्यांबरोबर उथळ पाण्यात राहिली. निशांत यंत्राशिवाय दुसऱ्या गटात गेला आणि तीस मीटर खोल जाऊन आला. दुपारी पाळी बदलली, पट्टा त्याच्या मनगटावर आला. वाटाड्यानं वर चलायची खूण केली तेव्हा निशांतनं मनगट दाखवलं. यंत्र अजून बारा मिनिटं देत होतं. ती बारा मिनिटं लीनाच्या अंगाची होती, त्याच्या नव्हे.

वर आल्यावर अर्ध्या तासात त्याच्या पायांना मुंग्या आल्या. संध्याकाळपर्यंत कमरेखालचं काही जाणवेना, काही हलेना. दुसऱ्या दिवशी पोर्ट ब्लेअरला, हवेचा दाब वाढवून रक्तातले बुडबुडे विरवतात त्या कोठीत ठेवलं, पुढे आणखी बारा दिवस उपचार झाले. डॉक्टरांनी विचारलं होतं, यंत्र तुमचं स्वतःचं होतं का? निशांत हो म्हणाला. त्यांच्या घरात प्रत्येक वस्तूला दोघंही माझीच म्हणत.

मार्चात तो चाकांच्या खुर्चीवर घरी आला. एकतिसाव्या वर्षी पोराला आई आंघोळ घालत होती. मला त्या घरी जाववत नव्हतं आणि न जाऊनही राहवत नव्हतं.

"सकायी तिच्याच हातात होतं," निशांत मला म्हणाला. "काही तरी दाबलं असन तिनं. गोव्यात आम्हाले मिनिटायचा हिशेब कागदावरच्या तक्त्यावरून शिकोला, यंत्र नाई शिकोलं. पण तिले कोणतंही बटन दाबाची सवयच आहे."

लीनालाही तसंच वाटत होतं. दर शनिवारी ती नागपूरहून यायची, भावाच्या खोलीच्या दाराशी उभी राहायची आणि तो भिंतीकडे तोंड करायचा. मग स्वयंपाकघरात येऊन आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायची. कोणतं बटन दाबलं असेल, ते तिला आठवत नव्हतं. आठवणार कसं?

निशांतनं बापाला सांगितलं, कंपनीला पत्र लिहा. कृष्णकांत म्हणाला, लिहितो. एप्रिल गेला, मे गेला. मी ओसरीवर गेलो की टेबलावर कोरा कागद असायचा आणि त्याच्याशेजारी ते छापलेलं पुस्तक. तो त्या पुस्तकावर हात ठेवून बसायचा. मी चौथ्या पानाचा विषय काढला नाही, त्यानंही नाही. आम्ही पंपाचं, पाण्याच्या पाळीचं बोलत बसायचो. दोन म्हातारे, आणि आत पोरगी दुसऱ्याचं पाप डोक्यावर घेऊन वाळत चाललेली. मला माझी लाज वाटायची, पण तोंड उघडत नव्हतं.

जूनच्या पहिल्या शनिवारी लीना आली ती बदली मागून. दूर कुठेतरी, ओडिशात. "मी दिसली का त्याले त्रास होते," ती म्हणाली. "आता नाई येणार."

कृष्णकांत उठला. पुस्तक घेतलं, तिचा हात धरून तिला निशांतच्या खोलीत नेलं आणि मलाही बोलावलं. वहिनी दारात उभ्या राहिल्या. त्यानं चौथं पान उघडून मोठ्यानं वाचलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत, नेहमी कॉलनीला समजावून सांगायचा त्याच आवाजात.

"लीनानं काई दाबलं नाई," तो म्हणाला. "यंत्रही बरोबर होतं. ते तिचा हिशेब दाखोत होतं, तुह्या अंगाचा नाई."

निशांतनं पुस्तक मागून घेतलं आणि ते पान स्वतः वाचलं. मग निशांतनं विचारलं, "हे पान तुम्ही कधी वाचलं, बाबा?"

"घ्याच्या आधी."

"आधी वाचलं, तरी आम्हाले काऊन नाई सांगतलं?"

"मले वाटलं, मले जास्त समजते."

निशांतनं डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यानं हात पुढे केला, लीनानं तो धरला आणि दोघं तशीच बसून राहिली. मग डोळे न उघडताच त्यानं विचारलं, "अजून कोणाले माहीत होतं हे?"

कृष्णकांतनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"कोणालेच नाई," तो म्हणाला. "मी एकट्यानंच वाचलं."

मी तिथेच उभा होतो. एक शब्द बोललो नाही.

पुढच्या महिन्यात लीना निशांतला नागपूरला घेऊन गेली. बदली रद्द केली, तळमजल्याचं घर घेतलं. वहिनीही बहुतेक तिकडेच असतात. मुलं बापाशी बोलत नाहीत. कॉलनीतले लोक अजून पुस्तकं घेऊन येतात, तो ती न उघडता परत करतो. "दोघं एका घरात आहेत न," एकदा मला म्हणाला, "मंग झालं."

लीना दर रविवारी मला फोन करते. विचारते, "काका, बाबा जेवतेत का बरोबर?" मी हो म्हणतो. मग ती म्हणते, "तुम्ही आहात तिथं, म्हणून बरं आहे."