दोन सीटची गाडी

फोन आला तेव्हा मी मुलाकडे बेंगळुरूला होतो. दाजींचा पुतण्या महेश बोलत होता. "मामा, काका गेलं. सकाळी चहा घेत बसलंते, तिथंच." मी निघून कोल्हापूर गाठेपर्यंत माती होऊन गेली होती. दाजींचं शेवटचं दर्शन काही मला झालं नाही, झालं ते शोकसभेचं. शाहूपुरीत त्यांच्या गुळाच्या दुकानासमोर मांडव घातला होता, फोटोला हार होता आणि माणसं हसत होती. हो, पोट धरून हसत होती. जो उठेल तो दाजींच्या गाडीशोधाचा एक किस्सा सांगत होता. धोतर-टोपीतले शेठ आणि त्यांना हवी स्पोर्ट्स कार! एवढ्या गाड्या बघितल्या, एक पसंत पडली तर शपथ! शेवटच्या वक्त्याने तर "अखेर घरच्यांनीच त्यांची हौस पुरवली" असं म्हणून पुतण्यांकडे हात केला आणि टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या... मला बोलायला उठवलं नाही ते बरंच झालं. तिथे जे बोललो असतो ते इथे लिहितो आहे.

दाजी, म्हणजे चनबसप्पा शेठ, हे माझ्या थोरल्या बहिणीचे, गिरिजाअक्काचे यजमान. आम्ही गडहिंग्लजचे. मी तिथल्याच शाळेत मास्तर होतो. अक्काला दिली ती वीस-बावीस माणसांच्या घरात, धाकटी सून म्हणून. घर खाऊनपिऊन सुखी, माणसं दिलदार, दारात आलेला उपाशी परत जायचा नाही. फक्त त्या घरात कुणाला एकटं राहता यायचं नाही, आणि दोघांना तर नाहीच. घरात एक ॲम्बेसेडर होती, तिची एक रीत होती. गाडी दारातून हलली की रिकामी जायची नाही. उंबऱ्यात जो उभा असेल तो बसणार, त्याला नको म्हणणं म्हणजे त्याचा अपमान. पुढची जागा दाजींच्या आईची, अव्वांची. सुना मागे, मांडीवर पोरं घेऊन. अक्काला स्वतःचं मूल नव्हतं, म्हणून तिच्या मांडीवर दोन. गाडी दाजी चालवायचे आणि अक्का मागून त्यांच्या टोपीकडे बघत बसायची. लग्नाची कितीतरी वर्षं तिने नवरा प्रवासात असा पाठमोराच पाहिला.

नव्वदच्या आसपास कधीतरी दाजींनी जेवताना जाहीर केलं, "मला दोन शिटाची गाडी घ्यायची हाय. स्पोर्ट कार." पंगतीत हशा पिकला. अव्वा म्हणाल्या, "दोनच शिटं? मग आमी काय डिकीत बसायचं व्हय?" दाजी खाली मान घालून भात कालवत राहिले. पण गुळाचा धंदा तेव्हा तेजीत होता, आणि अव्वा मनाने वाईट नव्हत्या. "बघ बाबा. बघायला काय जातंय? पण मोठी खरेदी जोडीनं बघायची असती, गिरिजाला ने संगट," असं त्यांनीच सांगितलं. दाजींनी एवढंच धरलं. ॲम्बेसेडर काढली तर सहाजण चढणार, म्हणून हे दोघं निघाले एसटीने. दोन सीटची गाडी बघायला, एसटीच्या दोन सीटच्या बाकड्यावर बसून!

पुढची दहा-एक वर्षं हे चाललं. बेळगावला कुणा डॉक्टरची उघड्या टपाची गाडी आहे, निपाणीच्या तंबाखूवाल्याकडे विलायती हिरवी आहे, गोव्यात एक गोरा माणूस गाडी विकून मायदेशी चाललाय... कानावर आलं की दोघं निघाले. निपाणी, बेळगाव कुठेही जायचं असलं तरी येता-जाता मुक्काम गडहिंग्लजला माझ्याकडे. वाट वाकडी करून! बरोबर पिशवीत एक गुळाची ढेप असायची. का, तर डिकीत ढेप बसती का बघायला. बाजारपेठेतल्या माणसाची गाडी, तिच्यात ढेप मावलीच पाहिजे असं दाजी गाडीमालकाला गंभीरपणे सांगायचे. ढेप मावली तर दुसरी खोड निघायची. दार लावलं की डबा आपटल्यासारखा आवाज येतोय, रंग फार ओरडतोय, बसलं की गुडघं हनुवटीला लागत्यात. बेळगावच्या डॉक्टरांच्या गाडीत तर खोड काढायला जागाच नव्हती. मी बरोबर होतो त्या दिवशी. दाजी आत बसले, उतरले, पुन्हा बसले आणि म्हणाले, "गाडी झ्याक हाय. पर धोतर गियरात अडकतंय."

डॉक्टर वैतागले. "पावणं, मग पँट घाला की!"

"पँटीचं वय ऱ्हायलं का आता आमचं?" असं म्हणून दाजींनी त्यांना नमस्कार केला, ढेप उचलली आणि अक्काला म्हणाले, "चला." अक्का पदराआड हसत होती. माझ्या बहिणीला असं हसताना मी तिच्या सासरी कधीच पाहिलं नाही. बेळगावच्या बाजारात त्यांनी कुंदा खाल्ला, बांगड्या घेतल्या. माझ्यासारख्या मास्तराला एवढं कळत होतं की तिसऱ्याने आता मागे राहावं. मी मागे राहिलो. संध्याकाळी माझ्या घरी भाकरी थापताना अक्का हळूच म्हणाली, "देवा, गाडी मिळू नको दे रे." मी विचारलं, म्हणजे? तर म्हणाली, "मिळाली तर पुन्हा कशाच्या निमित्तानं भाईर पडायचं?"

म्हणजे दाजींना गाडी नकोच होती. त्यांना शोध हवा होता. कोल्हापूरच्या अख्ख्या बाजाराने ज्या माणसाची टिंगल केली, तो आपल्या बायकोशेजारी चार तास बसायला मिळावं म्हणून हजार खोडी काढत होता. मला त्याचं कौतुक वाटायचं आणि संतापही यायचा. गुळाच्या सौद्यात भल्याभल्यांना घाम फोडणारा हा माणूस. घरात एकदा ताठ उभं राहून "आम्ही दोघंच जाणार" एवढं वाक्य त्याला बोलता येऊ नये? नाही आलं. कधीच नाही आलं.

मग दाजींची साठी आली. घरच्यांनी गाजावाजा केला, आणि आरती झाल्यावर महेशने सगळ्यांना दारात बोलावलं. दारात लाल गाडी उभी होती. दोन सीटची. पुतण्यांनी सगळ्यांनी मिळून, दाजींना पत्ता लागू न देता, पुण्याहून आणवली होती. महेशचे डोळे पाण्याने भरले होते. "काका, लई हिंडलासा गाडीपायी. आता हिंडू नगासा." प्रेमच होतं ते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. अशा प्रेमापुढे माणसाला हातही उचलता येत नाही, हे मात्र मी त्या दिवशी शिकलो. दाजींनी किल्ली घेतली, हात जोडले. मी अक्काकडे बघितलं. ती गाडीला ओवाळायला ताट घेऊन उभी होती. तिने कुंकू लावलं, ओवाळलं आणि बाजूला झाली. कारण पहिला मान अव्वांचा. अव्वांना तिघांनी धरून त्या बुटक्या गाडीत बसवलं आणि दाजी त्यांना घेऊन जोतिबाला गेले. दुसऱ्या दिवशी थोरले दीर, मग थोरली जाऊ, मग व्याही... सगळे मानाप्रमाणे. धाकट्या सुनेची पाळी येईपर्यंत जोतिबाच्या रस्त्यावर गाडीचा तळ घासून फुटला. दुरुस्त झाली, तोवर महेशचं लग्न ठरलं आणि गाडी वरातीसाठी राखून ठेवली गेली. बाहेरगावी गाडी बघायला जायचं कारण आता उरलं नव्हतं. अक्का माझ्याकडे आली नाही ती नाहीच. फोनवर म्हणायची, "कशी येऊ रे? गाडी मिळाली की आता."

पुढे ती आजारी पडली. दवाखान्यात न्यायला ॲम्ब्युलन्स आली तेव्हा मी तिथे होतो. मागे तिच्याशेजारी दोघी जावा चढल्या आणि दाजी ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. मी ओरडलो, "दाजी, मागं बसा की!" ते अर्धवट वळले, जावांकडे बघितलं आणि तसेच बसून राहिले. अक्का परत आली नाही. त्यानंतर मी त्या घराची पायरी चढलो नाही. अव्वा पुढे वारल्या, तेव्हाही गेलो नाही. दाजी मात्र अधूनमधून एसटीने यायचे. एकदा मी न राहवून बोललो, "एकदा तरी तोंड उघडायचं हुतं की." ते म्हणाले, "मास्तर, समदी चांगलीच हुती हो. भांडायचं कुणाबर?"

शोकसभा संपल्यावर मी महेशला म्हटलं, दाजींना ठेवलंय तिथे ने मला. आमच्यात दहन नसतं, मळ्यातच घरच्यांच्या समाध्या आहेत. उसाच्या कडेला, लिंबाच्या झाडाखाली, सगळ्या एका ओळीत. दाजींची माती अजून ओली होती. मी शेजारच्या समाधीवर हात ठेवला आणि डोळे मिटले. महेश हळूच म्हणाला, "मामा, ती अव्वांची हाय. काकू तिकडं, पलीकडं."

"मधे अव्वा कशा?"

"अव्वाच बोललीती जायाच्या आधी. गिरिजा एकटी पडलीया, मला तिच्या शेजारी ठेवा, तिला सोबत हुईल म्हणून."

"आणि काका काय म्हणाले?"

"काका काय म्हणणार? मान हलीवली."

महेशच्या हातात बेलाची पानं होती. त्यातली थोडी मी दाजींच्या मातीवर ठेवली, थोडी मुठीत राखली. दोन पावलांवर अक्का होती. पण तिच्याकडे जायला मला अव्वांना वळसा घालावा लागला.