बारावी काडी

"जरा थांबा. हे बघा आन् मग जावा."

हे वाक्य मी सतरा वर्षं ऐकलं. राहात्याला आमच्या घराला लागूनच चाचांची पेरूच्या कलमांची छोटी रोपवाटिका होती. सकाळी फाटकाशी लोखंडी स्टूल टाकून ते बसायचे आणि रस्त्याने जाणाऱ्याला तळहात आडवा करून थांबवायचे. मग तो दूधवाला असो, बँकेचा साहेब असो, नाहीतर लग्नाच्या पत्रिका वाटत निघालेला नवरदेवाचा मामा असो. तळहातावर काहीतरी असायचंच. कोंब फुटलेलं बी, नाकतोड्याची कात, मुंगीने अर्ध्यावर टाकून दिलेला दाणा. माणूस घाईत असला की "बघितलंय की चाचा" म्हणून सटकायला बघायचा.

"डोळं लावलं तुमी. आता बघा," चाचा म्हणायचे, आणि हात काही खाली घ्यायचे नाहीत.

मी विज्ञानाची शिक्षिका. मला कोणी 'बघा' म्हणून शिकवावं म्हणजे काय! पहिल्या वर्षी तर माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. शाळेची घंटा व्हायला दहा मिनिटं, काखोटीला वह्यांचा गठ्ठा, आणि हा गृहस्थ पेरूचं एवढंसं बी माझ्या नाकासमोर धरून उभा.

"बाई, ह्याच्यात झाड हाय. खोड हाय, फांदी हाय, फळाचा वाससुदिक हाय. कुटं ठिवलाय, सांगा बरं?"

मग मीही कमी नाही. तिथेच रस्त्यात उभं राहून पेशी, गुणसूत्रं, सगळा धडा घेतला. चाचांनी मान डोलावत ऐकून घेतला. दुसऱ्या दिवसापासून आपल्या गिऱ्हाइकांना सांगायला लागले, "झाड कसं हुतं ते शेजारच्या बाईंना इचारा, त्यांना समदं ठावं हाय. कोन करतो, तेवढं मला इचारा." झालं! शेतकरी थेट माझ्या ओट्यावर यायला लागले. आमचे हे पोट धरधरून हसायचे.

ह्यांची आणि चाचांची गट्टी होती. संध्याकाळच्या नमाजाला चाचा मशिदीकडे निघाले की हे फाटकात असायचेच. दोन शब्द झाल्याशिवाय एकालाही दिवस मावळल्यासारखा वाटायचा नाही.

एकदा औषधं विकणारा एक चटपटीत तरुण फळमाशीवरची नवी बाटली घेऊन आला होता. एक फवारा की माशी खल्लास, असं त्याचं पालुपद चाललं होतं. चाचांनी सापळ्यात पडलेली एक माशी चिमटीत उचलली आणि त्याच्या बॅगेवर ठेवली. पंख काचेसारखे, पाठीवर पिवळा ठिपका.

"मारायचं औशिद झालं. आता कंपनीला म्हनावं, अशी एक बनवून द्या."

तो पोरगा हसला. चाचा हसले नाहीत. "आमच्या किताबात लिवलंय, सगळी दुनिया एक झाली तरी एक माशी घडवता यायची न्हाई. माशी, बरं का! हत्ती न्हाई म्हनला तो." मग बाटली मात्र घेतली. पेरू वाचवायचे होते ना! भक्ती आणि फवारणी यांची सरमिसळ ते कधी होऊ देत नसत.

त्यांचं काम बघण्यासारखं होतं, आणि हे मी बघणं शिकल्यानंतर सांगते. चांगल्या झाडाची पेन्सिलीएवढी काडी कापायची, खाली पाचरीसारखी तासायची. पिशवीतल्या रोपाचा शेंडा उडवून खोडाला मधोमध चीर द्यायची आणि काडी आत बसवायची. "बिस्मिल्ला" म्हणत प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची आणि पट्टीचं टोक दातात धरून डाव्या हाताने अशी गाठ मारायची की ओढलं तर घट्ट, सोडायचं म्हटलं तर एका झटक्यात सुटणार. वरून काडीला प्लास्टिकची लांबट टोपी, टोपीला खाली तशीच गाठ. ती गाठ राहात्यात दुसऱ्या कोणाला जमली नाही.

गिऱ्हाईक विचारायचं, "लागतील ना सगळी? गॅरंटी?"

"बांधनं माझं, जोडनं त्याचं," चाचा म्हणायचे.

ह्या उत्तराने गिऱ्हाइकं तुटायची. पलीकडचा रोपवाटिकावाला शंभर टक्क्यांची गॅरंटी देत होता. पण चाचांच्या तोंडून 'मी लावलं' कधी निघालं नाही. कलमाला पहिली पालवी फुटली की मात्र स्वारीला राहवायचं नाही. पिशवी उचलून थेट रस्त्यावर. हजारो कलमं बांधलेला माणूस, आणि प्रत्येक पालवी पहिल्यांदाच बघितल्यासारखी! "सुबहानल्ला! बघा, मेलेली काडी हुती!"

तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल. आपण त्याला हसतो, टाळायला दोन पावलं फिरून जातो, आणि ते नसलं की रस्ता कसा अंगावर येतो ते मग कळतं.

तीन वर्षांपूर्वी आमचे हे गेले. चाचा रोज येऊन ओट्यावर बसायचे. तळहातावर काही आणायचे नाहीत. मी देवाशी अबोला धरला होता. दिवा लावायचे, पण सवयीने. चाचांच्या लक्षात आलं असणार, पण उपदेशाचा एक शब्द नाही.

ह्यांची म्हणून एक गोष्ट अंगणात उरली होती, पेरूचं झाड. कधीतरी पेरू खाऊन ह्यांनी नळाशी बी थुंकलं, ते उगवलं, आणि "राहू दे गं, आलंय आपणहून" म्हणून ह्यांनी ते उपटू दिलं नाही. फळ लहान, आत गुलाबी, जरा कचकचीत. बाजारात त्याला कुत्रंही विचारणार नाही. पण ह्यांनी मीठ लावून खाल्लेला शेवटचा पेरू त्याच झाडाचा होता. मला ते झाड म्हणजे घरातलं माणूस होतं.

यंदा रस्ता रुंद करायचा निघाला. कुंपणावर लाल खूण झाली, आणि झाड खुणेच्या पलीकडे. मी अर्ज केले, भांडले, कोणी दाद दिली नाही. पंधरा दिवसांची मुदत मिळाली. मी चाचांकडे गेले आणि फाटकातच रडू फुटलं.

"बी लावू का?" मी विचारलं.

"बीतून लेकरू येतं, बाई. तेच झाड येत न्हाई. तेच पायजे तर कलम." त्यांनी कपाळावर हात आडवा धरून उन्हाकडे बघितलं. "ऊन लई वाढलंय. वखत बरा न्हाई. पन बांधू."

आठ दिवस आधी येऊन त्यांनी निवडक फांद्यांची पानं काढून ठेवली, म्हणजे कोंब फुटायचे डोळे फुगतात. मग रमजानच्या पहिल्याच आठवड्यात काड्या कापल्या. बरोबर बारा. मी सवयीने चहा घेऊन गेले, ते "रोजा हाय, बाई" म्हणाले. मी जीभ चावली, आणि दुपारी पुन्हा सरबत घेऊन गेले. ते हसले, पट्टीचं टोक दातात धरलं आणि पुढची गाठ मारली.

रोपं त्यांच्याकडे सावलीच्या जाळीत ठेवावीत, असं त्यांचं म्हणणं होतं. मी हट्ट धरला, माझ्या डोळ्यांसमोरच राहू देत. त्यांनी आणलेल्या रोपाच्या पिशव्या अकरा. बारावी काडी ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांनी आपल्या थैलीत टाकली. "ही माझ्याकडं ऱ्हाऊ द्या," म्हणाले. मी कुठे लक्ष देते!

जाताना मात्र बोट वर करून बजावलं. "बाई, जल्मभर मी लोकान्ला बघा, बघा म्हनत आलो. पन हे बघायचं न्हाई. टोपी उघडायची न्हाई. आतली वल गेली की काडी गेली. आईच्या पोटात लेकरू घडवतो तो, तीन अंधारांच्या आत, असं किताबात हाय. कोन उघडून बघतं का? पानांनी टोपी भरली की आपुआप कळतं."

मी हो म्हटलं. ओलावा, बाष्प, सगळं मला मुलांना शिकवायला येत होतं.

चौथ्या दिवशी मी पहिली टोपी उघडली.

काय सांगू! दम निघेना. टोपीला आतून घाम आलेला, काही दिसेना. मनात येई, आत सगळं सडत तर नसेल? एकदाच बघू, असं म्हणून एक उघडली. काडी हिरवी होती. जीव भांड्यात पडला. मग दुसरी हिरवी आहे का? मग तिसरी. त्यानंतर रोज सकाळी अंघोळ झाली की अकराच्या अकरा टोप्या उघडून बघायचे आणि शिवणाच्या दोऱ्याने परत बांधायचे. आठवड्यात एक काडी काळी पडली, मग चार, मग सगळ्या. त्याच दिवसांत यंत्र आलं आणि झाडही आडवं झालं. दारात सगळीकडे पानांचा ओला वास भरून राहिला होता.

चाचा आले. पिशव्यांसमोर उकिडवे बसले. एक काळी काडी हातात धरून विचारलं, "हात न्हाई ना लावला, बाई?"

"नाही हो."

त्यांनी टोपीखालच्या दोऱ्याकडे पाहिलं. माझी ती बायकी दुहेरी गाठ. त्यांची पट्टी कुठेच नव्हती. "बरं," एवढंच म्हणाले.

त्या 'बरं'ने मला फार लागलं, आणि लागलं म्हणून मी उलटी भडकले. "बांधणं तुमचं, जोडणं त्याचं ना? मग सांगा त्याला! माझा माणूस नेला, झाड नेलं, एक काडी जोडता आली नाही तुमच्या त्याला?"

चाचांच्या सूनबाई फाटकात उभ्या होत्या, त्यांनी मान खाली घातली. रोजाने कोरड्या पडलेल्या ओठांवरून चाचांनी हात फिरवला. "रागवा, बाई. त्याला चालतं," म्हणाले, आणि गुडघ्यावर हात ठेवून उठले.

चोर तो चोर आणि वर शिरजोर, तशी मी. रात्रंदिवस ते मला खात होतं. ईदला सुनेच्या हाती शिरखुर्मा आला, दरवर्षीसारखा, वर चारोळ्या जास्त, कारण मला आवडतात. दरवर्षी मी वाटी परत द्यायला जाते आणि ईद मुबारक म्हणून येते. ह्या वर्षी पाय उचलला नाही. उद्या जाईन, खरं काय ते सांगेन, असं म्हणत तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी पहाटे चाचा नमाजाला उठलेच नाहीत. झोपेतच गेले.

वाटी माझ्याकडेच राहिली. माणसाला एक वाक्य सांगायला चार पावलं चालायची होती, ती मी चालले नाही. याचं दुःख अजून आहे, आणि ते जावं असं मला वाटतही नाही.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी त्यांच्या सूनबाई आल्या. पदराखाली काहीतरी झाकून आणलं होतं. काळी पिशवी, त्यात रोप, वर प्लास्टिकची टोपी. टोपी आतून हिरवीगार भरली होती. पानं प्लास्टिकला टेकून वाकली होती.

"अब्बांनी दिलीया," त्या म्हणाल्या. "त्याच दिशी बांधून माज्याकडं ठिवलेली. म्हनले, बाईंना दम निघायचा न्हाई, मानूस गेलेलं हाय त्यांचं, त्या उघडनार. ही एक झाकून ऱ्हाऊ दे. टोपी भरली की द्यायची, आन् उघडायची त्यांच्याच हातानं."

म्हणजे मी टोपी उघडायच्या आधीच त्यांनी मला ओळखलं होतं. आणि माझं खोटं ऐकून घेतलं, माझा राग अंगावर घेतला, तेव्हाही त्यांच्या घरात ही काडी हिरवी होत होती. ते सांगू शकले असते. सांगितलं असतं तर मी तिच्याही टोपीला हात घातला असता, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

टोपीखाली त्यांची गाठ होती. दातात धरून मारलेली, शेवटची. मी पट्टीचं टोक चिमटीत धरलं. सूनबाई म्हणाल्या, "वढा, सुटती." मी ओढली, एका झटक्यात सुटली. चार पानं बाहेर आली, कोवळी, तांबूस, अंगावर बारीक लव. मी जन्मभर फळ्यावर पानं काढली. पान आत्ता बघितलं.

मी पिशवी उचलली आणि तशीच चपला न घालता फाटकाबाहेर आले, नव्या रस्त्यावर, जिथे झाड होतं तिथेच जवळपास. एक टेम्पोवाला कांद्याच्या गोण्या घेऊन चालला होता. मी तळहात आडवा केला.

"जरा थांबा. हे बघा आणि मग जा."

तो बिचारा घाबरून थांबला. त्याने खाली वाकून पालवी बघितली, माझे डोळे बघितले आणि सावरून विचारलं, "चांगलं आलंय की, मावशी. कोणी लावलं?"

"बांधलं चाचांनी," मी म्हटलं.

टेम्पो चालू होता, तो माणूस थांबला होता.

"आणि जोडलं त्याने."