कुंताकाकी कोसमडोंगरीच्या टोकावर जातात

मोहाडी आणि तुमसर मागे टाकून उत्तरेकडे निघाले की धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरे, हळूहळू आकसत जातात आणि मध्य प्रदेशाची हद्द येण्याआधी डोंगर सुरू होतात. त्यांपैकी कोसमडोंगरीच्या पायथ्याशी आमचे गाव आहे. हा डोंगर कुंताकाकींइतका दुसऱ्या कोणालाही ठाऊक नाही, याविषयी गावात कधी दुमत झालेले नाही. एरवी आमच्या गावात दुमत होण्यास फारसे कारण लागत नाही.

काकींचे माहेर कोंढ्याचे. त्या सपाट मुलखात उंचवटा म्हणजे तलावाची पाळ. लग्न होऊन आल्या त्या सकाळी त्यांनी दारातून डोंगर पाहिला आणि "हे रोज इथंच राहते का?" असे विचारले, असे त्यांचे यजमान वासुदेवराव सांगतात. वासुदेवरावांच्या सांगण्यातले निम्मे सोडून द्यावे लागते. पण त्यानंतरच्या चाळीस वर्षांत काकींनी त्या डोंगराचा असा काही ताबा घेतला, की कोणत्या झाडाचे आवळे आधी पिकतात, कोणत्या ओघळीत पावसाळ्यात सात्या, म्हणजे रानअळंब्या, उगवतात आणि हरवलेली गाय कोणत्या दगडाआड उभी असते, हे त्या अंगणातून बसल्याबसल्या सांगत.

म्हणूनच वनसमितीने शहरातून येणाऱ्या गिरिभ्रमणप्रेमींसाठी स्थानिक मार्गदर्शक नेमण्याचे ठरवले, तेव्हा निवड अवघड नव्हती. वनपालांनी मुलाखतीत एकच प्रश्न विचारला : "मावशी, डोंगराची माहिती आहे का?" काकी पाऊण तास बोलल्या. शेवटी वनपालांनीच चहा मागवून त्यांना थांबवले. काकींना खाकी जाकीट, हिरवी टोपी आणि एक शिट्टी मिळाली. अट एवढीच, की पहिली तुकडी टोकावर जाऊन आल्यानंतर तिने अभिप्रायाचा कागद भरून द्यायचा आणि तो पाहून नेमणूक कायम करायची.

"आता तुले चालाची नोकरी लागली," वासुदेवराव बाजेवरून म्हणाले. "बसाची निघाली तर माहं नाव सांगजो."

टोपी परत करण्याची वेळ आली असती, तर वासुदेवरावांनी उरलेले आयुष्य त्या एकाच विषयावर काढले असते. काकींना हे पुरते माहीत होते.

मी आता नागपूरला राहतो; पहिली तुकडी तिथून मीच घेऊन गेलो. डिसेंबरची सकाळ होती. काकींनी मला हातपंपाच्या मागे बोलावले आणि टोपी नीट करत हळू आवाजात म्हणाल्या, "चंदर, तुले एक सांगतो. कोनाजवळ बोलू नको. मी वरत कधी गेलीच नाही."

"वरत म्हणजे?"

"टोकावर."

मी त्यांच्याकडे पाहिले. त्या हातपंपाकडे पाहत होत्या.

"काकी, मुलाखतीत सांगितलं नाही?"

"कोनी इचारलं का? डोंगर मालूम आहे का, म्हनलं. डोंगर मालूम आहे."

यात खोटे काही नव्हते. मीही कधी टोकावर गेलो नव्हतो. माझे वडीलही नव्हते. टोकावर पाणी नाही, सरपण नाही, चारा नाही. माणसाने टोकावर जावे असे टोकावर काहीच नाही, एवढी त्या टोकाची माहिती गावाला पिढ्यान्‌पिढ्या पुरली होती.

आम्ही सहा जण होतो. त्यांतली दोन माणसे लक्षात ठेवावी लागतील. प्रविण हा विमा कंपनीचा सर्वेक्षक. त्याच्या मनगटावरचे घड्याळ अंतर, उंची, दिशा आणि हृदयाचे ठोके एकाच वेळी मोजत असे. तेजस्विनी महाविद्यालयात भूगोल शिकवीत असे आणि समोर दिसणाऱ्या वस्तूवर विश्वास ठेवण्याची तिला सवय होती. उरलेल्या तिघांनी दिवसभर छायाचित्रे काढली.

काकींनी पहिले दोन तास अप्रतिम मार्गदर्शन केले. साजाच्या खोडावर अस्वलाच्या नखांचे ओरखडे दाखवले, मधाचे पोळे दाखवले, एका आवळ्याखाली सर्वांना थांबवून प्रत्येकाच्या पाठपिशवीत दोन-दोन ओंजळी आवळे भरले. गावाला वनहक्क मिळालेले असल्याने त्यास हरकत नव्हती. हरकत प्रविणच्या पाठीची होती.

"मावशी," तो घड्याळ पाहत म्हणाला, "साडेचार किलोमीटर झाले आणि उंची फक्त बासष्ट मीटर. आपण डोंगर चढतोय की प्रदक्षिणा घालतोय?"

"दोन्ही एकाच पायानं होते, बेटा."

"पण टोक किती लांब आहे?"

"थे कुठं पळून चाललं का? चाल."

वस्तुतः काकी रोजच्या वाटेने चालल्या होत्या, आणि ती वाट उपयोगाच्या जागा जोडत डोंगराभोवती फिरते. वर जाण्याचे तिला काही कारण पडलेले नाही. अखेर अकराच्या सुमारास आम्ही एका मोकळ्या सपाटीवर पोचलो. वारा बरा होता. काकी थांबल्या, एकदा माझ्याकडे पाहिले आणि शिट्टी फुंकली.

"आलं टोक."

टाळ्या वाजल्या. छायाचित्रकार तिघेही उड्या मारत एकमेकांना टिपू लागले. मी खाली मान घालून पाणी प्यालो. काकींच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव उमटू लागला होता, तोच तेजस्विनी मागे वळली. झाडांच्या शेंड्यांवरून एक काळा खडक आमच्याकडे पाहत होता.

"मावशी, मग ते काय आहे?"

काकींनी त्या खडकाकडे प्रथमच पाहत असल्यासारखे पाहिले.

"थे दुसरं."

"दुसरं कोणतं?"

"थे मध्य प्रदेशात येते," काकी शांतपणे म्हणाल्या. "आपल्याकडे नाही."

प्रविणने घड्याळावर नकाशा उघडला. तो सर्वेक्षक होता. खोटे दावे तपासण्याचा त्याला पगार मिळत असे. "मावशी, हद्द इथून अकरा किलोमीटर आहे. आणि आपण शंभर मीटर खाली आहोत."

काकी एका दगडावर बसल्या, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "माह्यापाशी खोटं जास्त येळ टिकत नाही. मी वरत कधी गेलीच नाही. चाळीस वर्सं झाली."

"एकदाही नाही?" तेजस्विनीने विचारले. "का?"

"कायले जाऊ? वरत पानी नाही, सरपन नाही, ढोर जात नाही. तुमी सांगा, तुमी काहून जाऊन राहिले?"

प्रश्न रास्त होता. प्रविण "व्ह्यू" असे काहीसे म्हणाला, पण ते त्याचे त्यालाच अपुरे वाटले असावे. बाकीच्यांनी डोंगराकडे पाहिले, जणू उत्तर त्याने द्यावे.

काकींनी टोपी माझ्या हातात दिली. "हे घे. आता तुमीच न्या मले."

मग प्रविण पुढे झाला. घड्याळाने सरळ रेषा दाखवली आणि त्या रेषेवरून आम्ही दहा मिनिटांत रायमुनियाच्या काटेरी जाळीत शिरलो. कोणाचा सदरा अडकला, कोणाची पिशवी, आणि आतले आवळे गडगडत खाली गेले. घड्याळ मात्र आम्ही योग्य दिशेने चाललो आहोत असे सांगत राहिले.

"त्याले टोचत नाही ना," मागून काकी म्हणाल्या.

जाळीतून आम्ही उलट्या पावलांनी बाहेर पडलो. काकींनी आजूबाजूला पाहिले, थोडे खाली उतरल्या आणि एका कोरड्या नाल्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. "हा नाला खाल्तं आपल्या तलावात येते. पावसात पानी वरूनच येत असन ना? पानी ज्या वाटेनं उतरते, थ्या वाटेनं मानूस चढते. चला."

नाल्यातले दगड पायऱ्यांसारखे लागले. एके ठिकाणी काकींनी तेजस्विनीला हाताने ओढून घेतले. दुसऱ्या ठिकाणी प्रविणने काकींना खांदा दिला. पाऊण तासाने वरची झाडी संपली, काळा खडक पायांखाली आला आणि वर आभाळाखेरीज काही उरले नाही.

आम्ही सहाही जण पाहत राहिलो, कारण समोरचे दृश्य खरोखरच तसे होते. मागे निळ्या डोंगरांच्या रांगा, पुढे जंगल, आणि त्यापलीकडे तलावांच्या चकाकत्या चकत्या थेट क्षितिजापर्यंत. काकी परक्या घरात आल्यासारख्या संकोचाने उभ्या होत्या. मग त्यांनी डोळ्यांवर हात धरला.

"थे आपलं गाव का रे? एवढुसंच?"

"हो, काकी."

"मंग थे आपली बांधी. लाखोळीचं पीक हिरवं दिसून राहिलं." त्या थांबल्या. "आन थे काळं काय फिरून राहिलं?"

मला फक्त एक ठिपका दिसत होता. काकींना त्याची चाल दिसत होती. "गोमाजीची म्हैस आहे थे."

त्यांनी शिट्टी फुंकली. ती वाऱ्यानेच ऐकली असेल. गावात फोनला रेंज मिळवण्यासाठी मारुतीच्या पारावर चढावे लागते. टोकावर ती पुरेपूर होती. काकींनी वासुदेवरावांना फोन लावला.

"उठा. गोमाजीची म्हैस लाखोळीत शिरली."

"तू तर डोंगरावर आहेस. तुले कसं मालूम?"

"दिसून राहिली मले. तुमी बाजेवर पडून आहा, थे बी दिसून राहिलं."

हे दुसरे वाक्य निव्वळ अंदाजाचे होते. पण थोड्याच वेळात घरांच्या गर्दीतून एक पांढरा ठिपका निघाला आणि काळ्या ठिपक्याकडे वेगाने सरकू लागला. वासुदेवरावांना एका हाकेत उठताना गावाने कधी पाहिले नव्हते. आम्ही ते टोकावरून पाहिले.

"मावशी," तेजस्विनी हसू दाबत म्हणाली, "लोक वर कशाला येतात, कळलं ना?"

"कळलं," काकी गंभीरपणे म्हणाल्या. "पयलेच सांगाचं होतं कोनी. एवढ्या वर्सांत किती धान गेलं असन."

उतरताना त्यांनी आम्हाला दीड तासात पायथ्याशी आणून सोडले. वनसमितीच्या ओट्यावर वनपाल कागद घेऊन बसले होते. कागदावर छापील प्रश्न होता : 'मार्गदर्शकास मार्गाची पूर्ण माहिती होती काय? होय / नाही.' प्रविणने पेन काढले आणि तो अडला. माझ्या हातातली टोपी मी काकींपुढे धरली. त्यांनी ती घेतली, पण घातली नाही.

"खरं लिहा," त्या म्हणाल्या. "उगाच माह्यासाठी पाप नका करू."

प्रविणने 'होय' आणि 'नाही' दोन्ही खोडले आणि सर्वेक्षकाच्या ठसठशीत अक्षरात लिहिले : 'चढताना नव्हती, उतरताना होती. चढताना नसल्याचे मार्गदर्शकाने स्वतः सांगितले. घड्याळाने शेवटपर्यंत सांगितले नाही.'

वनपालांनी कागद दोनदा वाचला. काकींची बोटे टोपीच्या कडेवरून फिरत होती. मग वनपालांनी मान वर केली आणि जरा चाचरत विचारले, "म्हणजे... वर जायला वाट आहे?"

"तुमाले मालूम नाही?" काकी म्हणाल्या.

"मी कधी गेलो नाही." वनपालांनी 'कायम' या शब्दापुढे सही केली आणि कागद घडी करून खिशात ठेवला. "पुढच्या रविवारी तुकडीबरोबर मीही येतो म्हणतो."

काकींनी टोपी डोक्यावर घातली, पदर नीट केला आणि सहीकडे पुन्हा पाहिलेही नाही.

"साडेसहाले या, साहेब. उशीर झाला तर मी कोनासाठी थांबत नाही."