शेजारच्या घरातली माणसं

काकू आमच्या शेजारी तेहतीस वर्षं राहिल्या. नात्याने त्या माझ्या कोणी नव्हत्या. मूळच्या नागपूरच्या, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठ्या, आणि कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोत, आमच्या बऱ्याच आधी आलेल्या. मी सांगलीहून लग्न होऊन इथे आले तेव्हा गाडी चालवायला मला त्यांनी शिकवलं. पुढे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी लागली, तेव्हा माझी मुलगी शाळेतून परस्पर त्यांच्याकडेच जायची. त्यांच्या पॅन्ट्रीच्या, म्हणजे किचनमधल्या कोठीच्या, चौकटीवर त्यांच्या मुलाची उंची दाखवणाऱ्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. त्यांच्या शेजारी माझ्या मुलीच्या खुणा वाढत गेल्या. ही दोन वेगळी घरं आहेत, हे तिला बरेच दिवस कळलंच नव्हतं, असं आम्ही चेष्टेने म्हणायचो.

काका गेल्यावर काकूंचा मुलगा त्यांना मिशिगनला बोलावू लागला. तो तिथल्या नोव्हाय गावात गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर आहे. वर्षभर त्यांनी टाळलं, मग एका पहाटे बाथरूममध्ये पडल्या आणि घर विकायचं ठरलं.

माझी मुलगी तेव्हा इथल्याच सरकारी शाळेत शिकवत होती. नवरा फिजिओथेरपिस्ट, एक लहान मुलगा, भाड्याचं अपार्टमेंट. तीन वर्षं ती दोघं घर शोधत होती आणि प्रत्येक घर कोणीतरी त्यांच्याआधी घेऊन जात होतं. काकू स्वतःच म्हणाल्या, "पोरीनंच घ्यावं माझं घर. दुसरं कोणी कशाला?" आम्ही आमची शिल्लक त्यात घालायचं ठरवलं. मुलगी येऊन त्या घरात नुसती फिरून गेली. लहान खोलीत बराच वेळ उभी होती.

पण काकूंच्या मुलाने एजंट नेमला होता. शनिवार-रविवारात ऑफर्स आल्या. त्यातली एक सगळी रोख, घराची तपासणी नको, अट काही नाही. घेणारा परदेशातला. त्याने घर पाहिलंसुद्धा नव्हतं, फक्त व्हिडिओ पाहिला होता. आमची ऑफर आणि ती ऑफर यांत इतकं अंतर होतं की कितीही ओढाताण केली तरी ते भरून निघणार नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी काकू आल्या. दारातच उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत.

"मुलगा म्हणते, आई, भावनेच्या भरात काही करू नको," त्या म्हणाल्या. "पुढे माझं आजारपण आहे. किती भार टाकू मी त्याच्यावर? तूच सांग."

"बरोबर आहे, काकू," मी म्हणाले.

"तुला राग आला?"

"छे हो."

मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

जाण्याआधी त्यांनी नव्या माणसांसाठी एक कागद लिहून किचनच्या काउंटरवर ठेवला. शेगडीचा मागचा बर्नर चिकटतो. लिंबाला उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पाणी. लहान खोलीची खिडकी वाऱ्याने वाजते, फटीत पुठ्ठ्याची घडी घाला. मला म्हणाल्या, "कोणी आलं की तू पण सांग त्यांना." घर घेणारी माणसं मुलाबाळांची असतील असं त्यांनी गृहीतच धरलं होतं. मीही.

कोणी आलं नाही. आधी रंगारी आले, मग गालिचे बदलणारे. दारावर कॅमेरा लागला. दर गुरुवारी घरं सांभाळणाऱ्या एका मॅनेजमेंट कंपनीचा माणूस येऊन नळ सोडायचा, दारं-खिडक्या पाहायचा आणि निघून जायचा. संध्याकाळ झाली की आतले दिवे आपोआप लागायचे, आधी किचनचा, मग हॉलचा. हिरवळ आमच्यापेक्षा छान राखलेली. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, आत जेवणाची तयारी चालली आहे.

त्या उन्हाळ्यात माझी मुलगी डोंगरांपलीकडे, दोन तासांवरच्या गावात राहायला गेली. तिथे त्यांना घर परवडलं. इथली शाळा सुटली, तिथे दुसरी मिळाली. आठवड्यातून चारदा दिसणारा नातू महिन्यातून एकदा दिसू लागला.

आमच्या रस्त्यावरच्या शेजाऱ्यांनी आपापला पदार्थ आणून केलेल्या एका पॉटलकमध्ये त्या रिकाम्या घराचा विषय निघाला. कोणीतरी एका देशाचं नाव घेऊन म्हणालं, "ते लोक नुसती घरं घेऊन ठेवतात." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मग दोघा-तिघांचं माझ्याकडे लक्ष गेलं, मीही बाहेरच्याच देशातली हे त्यांना आठवलं असावं, आणि विषय बदलला.

काकू गेल्यापासून मी त्यांना फोन केला नव्हता. चार महिन्यांनी त्यांचाच आला. आवाज बारीक झाला होता. बाहेर बर्फ आहे, म्हणाल्या. मुलगा-सून कामावर, नातू कॉलेजात, दिवसभर घरात हीटरचा आवाज तेवढा येतो. मग त्यांनी विचारलं, "कोण आलं गं माझ्या घरात?"

खरं माझ्या जिभेवर होतं. त्यांच्या मनाला लागावं असंही मला वाटत होतं. पण तोंडातून निघालं, "एक फॅमिली आली आहे, काकू. दोन मुलं आहेत."

"हो का!" त्या इतक्या जोरात म्हणाल्या की मी रिसीव्हर कानापासून लांब धरला. "मुलगे की मुली?"

"मोठी मुलगी. नऊ वर्षांची असेल. धाकटा भाऊ."

"लहान खोली कोणाला दिली?"

"मुलीला."

"खिडकीचं सांगितलं ना तू?"

"सांगितलं."

त्यानंतर दर रविवारी फोन येऊ लागला आणि दर रविवारी त्या मुलांचं काहीतरी सांगावं लागे. मुलगी पियानो शिकते. धाकट्याचा दात पडला. आई भरभर चालते, कामावरून उशिरा येते, पण वागायला चांगली आहे. काकू सगळं लक्षात ठेवायच्या. मी विसरायचे, म्हणून मग बसल्या बसल्या आठवून ठेवायला लागले. त्या मुलांना मी नावं दिली नव्हती, तेवढं एक पथ्य पाळलं होतं. तरी ती माणसं पक्की होत गेली.

एका दुपारी मी तांदूळ धूत होते आणि कुंपणावर चेंडू आपटल्याचा आवाज आला. हात पुसून बाहेर गेले. हिरवळीवर कोणी नव्हतं. शेजारच्या खिडक्यांचे पडदे सारखे, एका रेषेत. मी आत आले आणि पुन्हा तांदळात हात घातला तर पाणी कोमट झालेलं होतं. किती वेळ मी तिथे उभी होते, मला सांगता आलं नसतं.

हॅलोविनला, मुलं दारोदार खाऊ मागत फिरतात त्या दिवशी, माझ्या नवऱ्याला टेबलावर बाजूला काढून ठेवलेली चॉकलेटची दोन पाकिटं दिसली. "ही कोणासाठी?" त्याने विचारलं. मी म्हणाले, नातवासाठी. त्याला ते पटलं. पण थोड्याच दिवसांनी संध्याकाळी भाजी चिरताना मी सहज बोलून गेले, "आज त्यांची गाडी दिसली नाही."

"कोणाची?"

मी सुरी खाली ठेवली. तो माझ्याकडे पाहत राहिला, आणि मला त्याला सगळं सांगावं लागलं. तो रागावला नाही. उठून त्याने आमच्या किचनचा त्या घराकडचा पडदा ओढून घेतला.

मुलीला मात्र एका रविवारी आपोआपच कळलं. ती आली होती आणि मी फोनवर होते. फोन ठेवल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली.

"आई, तू काकूआजीशी खोटं बोलतेस?"

"त्यांना बरं वाटतं गं."

"त्या घरात आम्ही राहणार होतो. माझा मुलगा त्या खोलीत झोपणार होता. आणि तू तिथे दुसरीच मुलं आणून ठेवलीस?"

ती चिडली की इंग्रजीत जाते, पण त्या दिवशी मराठीतच बोलत राहिली.

"आणि आपला पुण्याचा फ्लॅट? तिथे कोण राहतं? तिथल्या शेजाऱ्यांना कोण खोटं सांगतं?"

तो फ्लॅट आम्ही इथे बसून, नकाशावर बघून घेतला होता. रिटायर झाल्यावर जाऊ म्हणून. गेलो नाही. सोसायटीचा वॉचमन महिन्यातून एकदा नळ सोडून येतो. मागच्या खेपेला आम्ही कुलूप काढत होतो तेव्हा समोरच्या बाईंनी दार किलकिलं करून विचारलं होतं, "कोण पाहिजे आपल्याला?" तेव्हा मला हसू आलं होतं. घरी आल्यावर मैत्रिणींना मी ते गंमत म्हणून सांगितलंही होतं.

पुढच्या वसंतात काकूंच्या भाचीच्या मुलीचं लग्न सॅन होजेला निघालं. दोन दिवस आमच्याकडे राहते म्हणाल्या. त्याआधी फोनवर त्यांनी विचारलं, "ती पोरगी खांद्यात किती रुंद असंल?" मी माझ्या मुलीचं दहाव्या वर्षीचं माप आठवून सांगितलं.

विमानतळावरून येताना गाडीत मला खरं सांगता आलं नाही. रात्र तशीच गेली. सकाळी चहा झाल्यावर त्यांनी बॅगेतून दोन स्वेटर काढून टेबलावर ठेवले, एक पिवळा, एक निळा, हाताने विणलेले. "बोलाव ना दोघांना," त्या म्हणाल्या.

मग मी सांगितलं. एका दमात सांगितलं, नाहीतर जमलं नसतं.

"म्हणजे कोणीच नाही?" त्यांनी विचारलं. "दोन वर्षं?"

"कोणीच नाही."

त्यांनी स्वेटर पुन्हा घडी केले, बाही बाहीला लावून. मग उठल्या. "चाल. मला पाहायचं आहे."

गुरुवार होता. मॅनेजमेंटचा माणूस मला ओळखत होता, त्या घराच्या दारात पडलेली पत्रकं मी उचलून ठेवायचे. काकूंचं घर होतं हे सांगितल्यावर त्याने दहा मिनिटं आत जाऊ दिलं. काकूंनी सवयीने उंबऱ्यापाशी चपला काढल्या.

आत कसलाच वास नव्हता. इतक्या वर्षांच्या फोडणीचा, उदबत्तीचा, काकांच्या बामचा, कशाचाही नाही. गालिच्यावर व्हॅक्यूमच्या रेघा होत्या आणि त्यांच्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. फ्रिज बंद, दार उघडं राहावं म्हणून मध्ये टॉवेल अडकवलेला. पॅन्ट्रीची चौकट पांढरीशुभ्र. काकू तिच्यावरून अंगठा फिरवत खालून वर गेल्या आणि खांद्याच्या उंचीवर थांबल्या.

मग त्या लहान खोलीत गेल्या. मी दारात उभी राहिले.

"इथंच राहते ना ती?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "काकू..."

"पलंग कुठं आहे तिचा?"

त्यांचा चेहरा शांत होता. मी हात वर करून खिडकीखालची जागा दाखवली. का दाखवली, मला माहीत नाही.

"थंडी लागत असंल तिथं," काकू म्हणाल्या आणि त्या जागेला वळसा घालून, काहीतरी तिथे ठेवलेलं असावं तसं, बाहेर आल्या. त्या मला शिक्षा करत होत्या, की त्यांनाही ती पोरगी दिसत होती, हे मला आजही कळलेलं नाही. मी कधी विचारलं नाही.

चपला घालताना त्यांनी माझा दंड धरला. पाठ वाकलेली, मान खाली, तशाच अवस्थेत बोलल्या.

"त्या दिवशी तुझ्या दारात आली ना मी, वाटलं होतं तू भांडशील. भांडली असती तर मी मुलाला नाही म्हटलं असतं. तेवढंच पाहिजे होतं मला. तू म्हणाली, बरोबर आहे काकू."

मॅनेजमेंटच्या माणसाने दार ओढून घेतलं, कुलपाचे आकडे फिरवले आणि आम्हाला गुड डे म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मुलगी दोन तास गाडी चालवून आली. काकूंच्या गळ्यात पडली, रडली. मात्र 'जाऊ दे' असं म्हणाली नाही, आणि काकूंनीही तसं म्हणवून घेतलं नाही. निळा स्वेटर नातवाला झाला. पिवळा तिने नको म्हटला.

त्या हिवाळ्यात आम्ही पुण्याला गेलो. फ्लॅट भाड्याने द्यायचा म्हटल्यावर नवरा कुरकुरत होता, भाडेकरू भिंतींची वाट लावतात म्हणत होता. एक नर्स पाहायला आली, सोबत आई आणि दोन मुली. तिने विचारलं, "भिंतीला खिळे ठोकले तर चालेल का?" नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "ठोका," तो म्हणाला. आम्ही परतल्यावर पहिल्या महिन्यात तिने फोन करून सांगितलं की बेसिनखाली गळतंय. आम्हाला बरं वाटलं; का, ते मी कोणाला समजावून सांगू शकणार नाही.

काकूंचा फोन अजून दर रविवारी येतो. त्या घराचा विषय आम्ही दोघी काढत नाही. बोलता बोलता मध्येच थोडा वेळ कोणीच बोलत नाही, आणि त्या शांततेत त्या कुठे आहेत हे मला ठाऊक असतं, कारण मीही तिथेच असते.

आता आमची मुलगी म्हणते, घर विका आणि आमच्याजवळ या. गुडघे तिचंच खरं म्हणतात. एजंटांची पत्रं येतात, बाहेरच्या देशातलं गिऱ्हाईक तयार आहे, घर दाखवायचीसुद्धा गरज नाही. नवरा ती पत्रं फाडत नाही आणि उत्तरही देत नाही. परवा तो म्हणाला, "राहणारी माणसं मिळतील का गं? आपल्याला परवडेल आणि त्यांनाही परवडेल अशी?"

"शोधू," मी म्हणाले. त्यानंतर आम्ही दोघं बराच वेळ आमच्याच घराच्या एकेका खोलीत जाऊन उभे राहत होतो, जणू आम्हीच ते बघायला आलो होतो.