पुनाजी मडावीचे हातमोजे

पवनारात पुनाजी मडावीला सगळे फौजी म्हणतात. कारगिलच्या लढाईत तो द्रासला होता. पेन्शनीवर आल्यावर त्याने पोलादाच्या कारखान्यात, ठेकेदाराकडे, भट्टीवरचं काम धरलं. दर सव्वीस जानेवारीला कारखान्याचे साहेब त्याला खुर्चीवर बसवून शाल पांघरवायचे. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा भट्टीपुढे असायचा, हातात कुणीतरी वापरून टाकलेले चामड्याचे हातमोजे घालून. ठेक्यावरच्या माणसांना नवे मिळत नसत.

गेल्या उन्हाळ्यात वितळलेल्या लोखंडाचा शिंतोडा उजव्या तळहातावर उडाला. विरलेलं चामडं जळलं, खालचा हातही. सावंगीच्या दवाखान्यात हात वाचला. बोटं आखडली ती आखडलीच.

कारखान्याने ठरवलं, पुनाजीने हातमोजे घातलेच नव्हते. काम सुटल्याचं त्याने मनाला फार लावून घेतलं नाही. पण त्याने हुकूम मोडला असं लोक म्हणू लागले, ते त्याच्या घशाखाली उतरेना. "बरफात हुकूम मोडला नाई मी," तो बायकोला, रुखमाला, सांगायचा. चौकशीला बोलावणं आलं तेव्हा म्हणाला, "ते हातमोजे थैलीत टाकजो. साहेबाले दाखवायचे हायेत." कशासाठी, ते तिने विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. निघताना थैलीची गाठ तिनेच मारून दिली.

चौकशीला शाल देणारेच साहेब होते. पुनाजीला गाठ सुटेना, तेव्हा सुपरवायझर आदेशने ती सोडली.

हातमोजे धुतलेले होते. तेल लावून मऊ केलेले. तळव्यावरच्या भोकाची जळलेली कड कापून तिथे जुन्या चपलेच्या चामड्याचं ठिगळ बसवलं होतं, बारीक, एकसारख्या टाक्यांनी.

साहेबांनी हातमोजा उलटसुलट करून पाहिला. "हे तर धड आहेत. घातले असते, तर हात कशाला भाजला असता?"

"इथं भोक होतं, साहेब."

"भोक घरीच ठेवून आले का, फौजी?" आदेश म्हणाला. कुणीतरी हसलं.

"होतं म्हणता, मग हे शिवलं कुणी?" साहेबांनी विचारलं. "ज्याने शिवलं, त्याला बोलवा. आम्हीही विचारू."

या टेबलापुढे उभी असलेली रुखमा पुनाजीच्या डोळ्यांसमोर आली.

"मीच शिवलं," तो म्हणाला.

साहेबांनी त्याच्या आखडलेल्या बोटांकडे पाहिलं आणि हातमोजा टेबलावर ठेवला. पुढे काही विचारायची गरज उरली नव्हती.

घरी रुखमा दारातच बसली होती.

"पाह्यले का साहेबानं?"

"पाह्यले."

"मंग? जळके नेले असते त काय म्हणले असते लोकं? एवढा फौजी माणूस, अन् असे हातमोजे. दोन दिवस बसली होती मी त्याच्यावर."

पुनाजीने चपला काढल्या. "चांगलं शिवलं," तो म्हणाला, आणि चहा ठेवायला सांगून मागच्या अंगणात गेला.